परत फिरलेल्या माणसाचं पदक

दादाला मणक्याचा क्षय झाला तेव्हा तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. आधी पाठ दुखायची, मग चालताना तोल जायला लागला, आणि एका उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्याला मानेपासून कमरेपर्यंत प्लास्टरच्या साच्यात निजवलं ते निजवलंच. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी, त्याची खाट होती. साच्यात मान वळत नसे, म्हणून वडिलांनी खाटेच्या दांडीला एक आरसा बांधून दिला होता. दारातून कोण आलं ते तो आरशात बघायचा. मी त्याची धाकटी बहीण. त्याच्याशी बोलताना मी आपोआप आरशाकडे बघून बोलायचे, इतकी ती सवय झाली होती.

इंदूर संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं होतं. वडील आधी होळकरांच्या कचेरीत होते, तेच आता नव्या सचिवालयात. नव्या सरकारला दोन राजधान्या होत्या. उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर. थंडी सुरू व्हायची वेळ आली की फायलींच्या पेट्या, शिपाई, बाबू आणि आमचे वडील, सगळेच रेल्वेत बसून ग्वाल्हेरला जायचे. घरी आई, मी आणि दादा. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. वडील नसले की बाहेरची कामं माझ्याकडे आणि दादाचं सगळं आईकडे.

दादा दिवसभर वाचायचा. पुण्याहून एक मासिक यायचं, त्यात एका कप्तानाच्या साहसांची मालिका चालू होती. बेटं, वाळवंटं, बर्फाचे कडे, सगळीकडे तो कप्तान जायचा आणि दर महिन्याला अशा जागी लटकत राहायचा की पुढचा अंक येईपर्यंत जीव टांगणीला लागावा. माझ्यापेक्षा दादाला त्याचं वेड जास्त. त्यानं एकदा मासिकाच्या पत्रव्यवहाराच्या पानावर छापून आणलं, की इंदुरात कप्तानाचे आणखी कोणी वाचक असतील तर रविवारी दुपारी आमच्या घरी यावं, मला बाहेर पडता येत नाही.

आईला वाटलं, एखाददुसरा येईल. पहिल्याच रविवारी खोलीत बसायला जागा उरली नाही. कॉलेजातली मुलं होती, गिरणीच्या ऑफिसातला एक जण होता, वकिली शिकणारा एक काटेकोर तरुण होता, दोन शिक्षिका होत्या. आणि सगळ्यांत आधी येऊन दारात उभा राहिलेला एक सराफ्यातला मुलगा. त्याच्या घरचं चांदीचं दुकान होतं. घरात माळवी, दुकानात हिंदी. मराठी वाचायला तो त्यांच्या मराठी भाडेकऱ्याकडून शिकला होता, आणि तेही कप्तानासाठीच. दादाला तो भिया म्हणायचा आणि मला बहनजी. येताना पुडीत शेव आणायचा आणि आईला म्हणायचा, "माँजी, चहा तुमचा, नमकीन माझं."

दर रविवारी हे चालायचं. कप्तानाची दोरी अमक्या कड्यावर टिकली असती का, वाळवंटात पाणी कुठे मिळतं, यावर भांडणं व्हायची. कप्तानाच्या प्रवासांचा नकाशा भिंतीवर लावला तर दादाला दिसेना, म्हणून सराफ्यातल्या मित्रानं तो छताला ठोकला. मग सगळेच माना वर करून बोलायचे. आईला हसू यायचं. त्या खोलीत तेव्हा बऱ्याच दिवसांनी कोणीतरी हसत होतं.

एका दिवाळी अंकात मालिका संपली. लेखकानं कप्तानाला कोकणात घर बांधून दिलं आणि झोपाळ्यावर बसवलं. त्या रविवारी मंडळी सुतकात बसावी तशी बसली होती. वकिली शिकणारा म्हणाला, संपादकांना निषेधाचं पत्र पाठवू. दादा छतावरच्या नकाशाकडे बघत होता. मग म्हणाला, "कागदावरचा संपला तर संपू दे. खरे असतील की. आपण त्यांना शोधू. दर वर्षी एकाला काहीतरी देऊ, आणि सांगू की आम्ही कप्तानाची माणसं आहोत, तुमच्याबद्दल आम्हांला आदर वाटतो."

एवढ्यावरून पदक निघालं. नाव साधंच, प्रवासी पदक. सराफ्यातल्या मित्रानं चांदी आणि घडणावळ आपल्याकडे घेतली आणि त्यावर कोणाला बोलू दिलं नाही. दादानं चित्र काढून दिलं, डोंगर आणि डोंगरावर चढत जाणारी एक वाट. त्यांच्या दुकानातल्या कारागिरानं आयुष्यात एकच डोंगर पाहिला होता, तो देवासची टेकडी. तिच्यावर देवीचं देऊळ आणि झेंडा. त्यामुळे पदक घडून आलं तेव्हा दादाच्या डोंगराच्या टोकावर एक झेंडा फडकत होता. मित्राला फार ओशाळल्यासारखं झालं. दादा म्हणाला, राहू दे, छान दिसतोय.

नियम वकिली शिकणाऱ्यानं लिहिले. माणूस खरा हवा, प्रवास खडतर हवा, आणि ठरवल्या ठिकाणी पोचल्याचं दोघांनी तरी सांगायला हवं.

माणूस शोधणं सोपं नव्हतं. नर्मदेला पूर असताना पोहून गेलेला एक जण निघाला, पण तो पैज लावून गेला होता. सायकलवरून सिलोनला गेलेला एक होता, तो आता मुंबईला राहत होता आणि त्यानं उत्तर दिलं नाही. मग दोघी शिक्षिकांपैकी एकीनं सांगितलं, की आमच्या शाळेतले ड्रॉइंगमास्तर मानसरोवरला पायी जाऊन आलेत, सगळी शाळा म्हणते.

मी आणि सराफ्यातला मित्र त्यांच्याकडे गेलो. छत्रीबागेच्या बाजूला दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको राहत होते. चाळिशीचे, बारीक, बोटांना रंग लागलेला. आम्ही काय सांगायला आलो ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्हांला कोणी चुकीचं सांगितलं. मी पोचलो नाही. खिंडीच्या अलीकडून परत आलो."

मित्रानं विचारलं, मग सगळी शाळा असं का म्हणते. ते म्हणाले, दर वेळी सांगतो, कोणी ऐकत नाही. यात्रेहून आलेल्या माणसाच्या पाया पडायची लोकांना घाई असते.

आम्ही परत येऊन सांगितलं तेव्हा मंडळाच्या लेखी प्रश्न मिटला होता. पोचले नाहीत म्हणजे नियमात बसत नाहीत. पण दादानं विचारलं, ते परत का आले? आम्ही ते विचारलंच नव्हतं. दादा म्हणाला, त्यांना घरी बोलाव, पदकासाठी नाही, नुसतं भेटायला.

ते आले तो रविवार नव्हता. खोलीत दादाच होता. मी आत चहा करत होते, दार उघडं होतं. मास्तर आधी खाटेच्या बाजूला बसले, मग दादाला आरशात बघावं लागतंय हे लक्षात आल्यावर उठून त्याच्या पायाशी जाऊन उभे राहिले, म्हणजे तो त्यांना सरळ पाहू शकेल. असं कोणाच्या सहसा ध्यानात येत नसे.

त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांचा एक लहानपणापासूनचा मित्र होता. तो होळकरांच्या पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. राज्य विलीन झालं, बँड मोडला, आणि तो मोकळा झाला. दोघांनी शाळेत असताना ठरवलं होतं की एकदा मानसरोवर बघायचं. आता नाही तर कधी, म्हणून निघाले. अलमोड्यापासून पुढे पायी. वरची गावं मागे पडली, झाडं संपली, आणि तिबेटच्या खिंडीच्या खालच्या मुक्कामावर मित्राला ताप भरला. खोकल्यातून रक्त आलं. मित्र म्हणाला, मी इथेच राहतो, तू जाऊन ये, मला तिथलं पाणी आण. मास्तर तयार झाले नाहीत. त्याला एका भोटिया व्यापाऱ्याच्या घोड्यावर बांधून ते खाली उतरायला लागले. जिथे घोडा जाईना तिथे पाठीवर घेऊन. खालच्या एका गावात, शाळेच्या ओसरीवर, मित्र गेला. त्यांनी तिथेच नदीकाठी त्याला अग्नी दिला आणि अस्थी घेऊन इंदूरला आले.

दादा म्हणाला, "म्हणजे तुम्ही त्याच्यासाठी परत फिरलात. यात लपवण्यासारखं काय आहे?"

मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी आले होते, तिथेच थांबले.

"मी उतरताना सगळी वाट चिडलेला होतो," ते म्हणाले. "खिंड दिसत होती हो. एका दिवसाचा चढ राहिला होता. मी त्याच्याशी धड बोललो नाही. पाणी पाजलं, पांघरूण घातलं, पाठीवर घेतलं, पण बोललो नाही. आणि तो तसाच गेला. तुम्ही मला पदक कशाचं देणार?"

"त्याला कळलं होतं का, तुम्ही चिडलायत ते?"

"कळलं असणारच. त्याला माझं सगळं कळायचं."

दादानं डोळे मिटले होते. म्हणाला, "मास्तर, मी पडून असतो, म्हणून तुमच्या मित्राच्या बाजूनं मला थोडं बोलता येईल. माझ्यासाठी या घरात सगळे थांबलेत. आई थांबलीय. ही माझी बहीण नागपूरला शिकायला जाणार होती, तीही थांबली. त्यांना कधी राग येतो. मला भांड्यांच्या आवाजावरून कळतं. पण राग आला तरी त्या इथे असतात. आजारी माणसाला तेवढंच दिसतं, मास्तर. बाकीचं त्याला लागत नाही असं नाही, पण तेवढ्यावर तो निभावतो."

मास्तरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. मी चहा आत नेला, त्यांच्यासमोर ठेवला आणि आरशाकडे न बघता बाहेर आले. स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटत होती. तिनंही सगळं ऐकलं होतं. त्यानंतर तिला मी भांडी हळू ठेवताना पाहिलं, आणि तिनं मला.

पुढच्या रविवारी दादानं मंडळापुढे मास्तरांचंच नाव ठेवलं. वकिली शिकणाऱ्याचं म्हणणं, नियम पहिल्याच वर्षी मोडला तर पदकाला अर्थ काय. आणि कप्तान कधीही परत फिरला नाही. त्याचं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. दादा एवढंच म्हणाला, की कप्तानाबरोबर कधी कोणी आजारी पडला नाही, लेखकानं त्याची काळजी घेतली होती. हात वर करून मतं घेतली. दादाच्या बाजूनं जास्त हात आले. वकिली शिकणारा उठला, दादाला नमस्कार केला आणि गेला. तो पुन्हा आला नाही, आणि त्याची खुर्ची दादानं बरेच दिवस तशीच ठेवायला लावली.

मास्तरांनी पदक घ्यायला होकार दिला, पण एक सांगितलं. ते दादाच्या हातून घेतील, आणि खोलीत नाही, चारचौघांत.

आता आली पंचाईत. मराठी वाचनालयाचा हॉल आमच्या घरापासून लांब नव्हता, राजवाड्यासमोरून खजुरी बाजाराकडे वळलं की आला. पण दादा तीन वर्षांत उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दुखेल, पण साच्यासकट सपाट नेलात तर बिघडायचं काही नाही, त्यालाच विचारा. दादाला विचारायची गरजच नव्हती. गिरणीतला म्हणाला, चौघं खांद्यावर खाट उचलून नेऊ. आईनं हातातलं काम टाकलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "माझा मुलगा चौघांच्या खांद्यावरून या दारातून जाणार नाही."

शेवटी सराफ्यातल्या मित्रानं कापड मार्केटमधून एक हातगाडी आणली. गठ्ठे वाहायची, लांब, सपाट. तिच्यावर दोन गाद्या, वर चादर, आणि चाकांना सायकलच्या जुन्या ट्यूब गुंडाळलेल्या, धक्के कमी बसावेत म्हणून. दादाला साच्यासकट तिच्यावर निजवलं. सप्टेंबर होता. ऊन होतं, पण बोचणारं नव्हतं. मित्र पुढून ओढत होता, गिरणीतला मागून धरत होता, मी बाजूनं छत्री घेऊन. आईनं दारातूनच पाहिलं. वडील तेव्हा इंदुरातच होते, पण त्यांना कचेरीतून सुटी मिळाली नाही. ते संध्याकाळी परभारे हॉलवर येतो म्हणाले आणि नेमकं त्याच दिवशी ग्वाल्हेरच्या फायलींचं काम निघालं.

दादानं आधी छत्री बाजूला करायला सांगितली. मग तो नुसता वर बघत राहिला. गल्लीतून दिसणारी आकाशाची पट्टी, तारा, गच्चीवर वाळत घातलेली लुगडी, एका खिडकीतून डोकावणारं मांजर. प्रत्येक गोष्ट तो मोठ्यानं सांगायचा, जणू आम्हांला ती दिसत नव्हती. राजवाड्यासमोर आलो तेव्हा तो म्हणाला, थांबा. मित्रानं गाडी थांबवली. मागून टांगेवाले ओरडायला लागले. मित्रानं त्यांना हात जोडले, "भैया, दो मिनिट, हमारे भिया देख रहे हैं." टांगेवाल्यांनी गाडीवरच्या माणसाकडे पाहिलं आणि ओरडायचे थांबले. राजवाड्याचे सातही मजले उताण्या माणसाला कसे दिसतात ते मला ठाऊक नाही. दादाच्या डोळ्यांच्या कडांमधून पाणी कानांकडे वाहत होतं. मी ते पुसायला गेले तर म्हणाला, राहू दे, उन्हानं येतंय.

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं असतील. हातगाडी आत येईना, म्हणून दादाला गादीवरून उचलून दोन बाकं जोडून त्यावर ठेवलं. भाषणं फार झाली नाहीत. दादानं पदक हातात धरलं होतं, मास्तर वाकले आणि त्यानं ते त्यांच्या कोटाला लावलं. टाचणी दोनदा निसटली. मास्तरांनी पदकाकडे नीट पाहिलं, त्यावरच्या झेंड्यापाशी त्यांची नजर थांबली. मग लोकांकडे वळून म्हणाले, मी या टोकापर्यंत गेलो नाही, हे या लोकांना माहीत आहे, तुम्हांलाही माहीत असावं. त्यांनी मित्राचं नाव घेतलं, तो क्लॅरिनेट चांगला वाजवायचा असं सांगितलं, आणि खाली बसले.

तिथूनच ते मित्राच्या आईकडे गेले. हे त्यांनी दादाला नंतरच्या आठवड्यात येऊन सांगितलं. अस्थी दिल्यापासून ते त्या घरी गेले नव्हते. म्हातारीनं पदक हातात घेऊन वजन बघितलं, डोळ्यांशी नेलं, आणि परत देत विचारलं, की शेवटी त्यानं काही खाल्लं होतं का. मास्तर म्हणाले, गुळाचा खडा चघळला होता. ती म्हणाली, मग बरं. त्यानंतर मास्तर तिच्याकडे जात राहिले, ती होती तोवर.

दादाला त्या दिवसानंतर ताप येऊ लागला. आधी थोडा, संध्याकाळचा. दिवाळीनंतर वडील ग्वाल्हेरला गेले आणि डिसेंबरात त्याचं दुखणं छातीत उतरलं. नवी औषधं निघाली होती, मुंबईहून मागवलीही, पण ती आली तेव्हा देण्यासारखं फार उरलं नव्हतं. मास्तर रोज शाळा सुटली की यायचे आणि त्याच्या पायाशी उभे राहून त्याला वाचून दाखवायचे. सराफ्यातला मित्र दारापर्यंत यायचा. आत यायचा नाही, कारण आई त्याच्याशी बोलत नव्हती.

आईनं मनाशी धरलं होतं, की हातगाडीनं हे केलं. डॉक्टरांनी तिला समजावलं की मूळ दुखणंच वाढत होतं, बाहेर नेलं नसतं तरी हेच झालं असतं. ती ऐकून घ्यायची. पण मित्र दारात दिसला की आत निघून जायची. तो शेवेची पुडी उंबऱ्यावर ठेवून परत जायचा आणि ती तिथेच राहायची. शेवटी मी ती उचलायचे.

दादा सकाळी गेला. आई त्याचे केस विंचरत होती. तिला वाटलं, झोप लागली, म्हणून ती आणखी थोडा वेळ विंचरत राहिली. मला हाक मारली तेव्हा तिच्या आवाजात काहीच नव्हतं. वडिलांना तार केली. ते गाडी बदलत, कधी बसून, कधी उभ्यानं येईपर्यंत सगळं उरकलं होतं. मास्तरांनी खांदा दिला. सराफ्यातल्या मित्रानंही दिला, तेव्हा मात्र आई आत निघून गेली नाही.

वडील कमी बोलणारे. ते आले, रिकाम्या खाटेवर बसले. आरसा तसाच होता. त्यांनी तो दोरीतून सोडवला, कपाटात ठेवला, आणि मग मला म्हणाले, "मला त्या दिवसाचं सांग. हातगाडीचं. मी नव्हतो." मी सांगितलं. त्यांना प्रत्येक बारीक गोष्ट हवी होती. गाडी कुठून वळवली, टांगेवाले काय म्हणाले, राजवाड्यासमोर तो किती वेळ बघत होता. मी संपवलं की म्हणायचे, मांजराचं पुन्हा सांग. आई भिंतीशी बसून ऐकत होती. हे तिनंही पहिल्यांदाच ऐकलं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण तिच्यासमोर त्या दिवसाचा विषय काढायची सोय नव्हती. वडील तिच्याकडे न बघता म्हणाले, "बाहेर जाऊन आला म्हणायचा." आई उठली आणि दिवा लावायला गेली.

पुढच्या वर्षी पदक एका बाईंना दिलं. त्या एकट्याच नर्मदेची परिक्रमा करून आल्या होत्या, कोणी सांगितलं म्हणून नाही, आपल्या मनानं. कार्यक्रम चांगला झाला. पण रविवारची बैठक आता गिरणीतल्याच्या घरी व्हायची आणि तिथे माणसं वेळेवर येत नसत. छताला नकाशा नव्हता. कप्तानाच्या जुन्या अंकांवर बोलायला गेलं की दादाचं काय म्हणणं होतं ते कोणीतरी सांगायचं आणि मग शांतता व्हायची. तिसऱ्या वर्षी माणूस ठरला नाही. चौथ्या वर्षी कोणी विषय काढला नाही. भांडण झालं नाही, कोणी बंद केलं नाही, ते आपोआप थांबलं.

मग मध्यभारत राज्यच संपलं. दोन राजधान्यांचं येणं-जाणं संपलं, कचेऱ्या भोपाळला गेल्या आणि वडिलांबरोबर आम्हीही. सामान बांधायच्या दिवशी सकाळीच सराफ्यातला मित्र एक लॉरी घेऊन आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. त्यानं पेट्या उचलल्या, भांड्यांची पोती बांधली, दादाची खाट कोणाला द्यायची हे कोणाला सुचत नव्हतं ती एका दवाखान्यात पोचवून आला. दुपारी निघताना तो पायरीवर घाम पुसत बसला होता. आई दारात आली. एवढ्या वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

"जेवून जा," ती म्हणाली.

घरात भांडी बांधलेली होती. आईनं एक पोतं सोडून ताट काढलं, डब्यातली पोळी-भाजी त्याला वाढली आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिली. तो खाली मान घालून जेवला. त्यानं ताटात काही टाकलं नाही. उठताना तो आईच्या पाया पडला आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा वेळ काढलाच नाही.

मी भोपाळला शाळेत शिकवलं, तिथेच लग्न झालं, तिथेच निवृत्त झाले. इंदूरला जाणं लग्नाकार्यापुरतं. एकदा एका लग्नासाठी राजेंद्र नगरात उतरले होते, तेव्हा मास्तरांच्या पत्नीला भेटायला गेले. मास्तर जाऊन काही वर्षं झाली होती. तिनं सांगितलं, की चीनची भानगड होऊन वाट बंद पडण्याच्या आधी एका उन्हाळ्यात ते एकटेच अलमोड्याकडे गेले होते. महिना-दीड महिन्यानं परत आले, बरेच बारीक झालेले. पोचले का, हे तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तिच्या मते विचारायला हवं होतं. आता वाटतं, असं म्हणाली.

संध्याकाळी सराफ्यातला मित्र मला लग्नघरी सोडायला आला. दुकान आता त्याची मुलं बघतात. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून रस्त्यात आम्ही फारसं बोललो नाही. राजेंद्र नगरच्या फाटकाशी गाडी थांबवून त्यानं विचारलं, गिरणीतला कुठे आहे. मी सांगितलं, तो गेला. त्या दोघी शिक्षिका? त्याही. वकिली शिकणारा मोठा वकील झाला होता, तोही नाही. मास्तर नाहीत. माझे आईवडील नाहीत.

"मतलब भियाला ओळखणारे," तो म्हणाला, "आता आपण दोघंच ना, बहनजी?"

मी हो म्हटलं. त्यानं मान हलवली. लग्नघरात बँड वाजायला लागला होता आणि कोणीतरी मला शोधत फाटकापर्यंत आलं होतं. तो म्हणाला, जा, लोक वाट बघतायत. मी उतरले. तो गाडी सुरू न करता तसाच बसून राहिला होता, आणि मी मांडवात शिरेपर्यंत त्याच्या गाडीचे दिवे लागले नव्हते.